आकड्यावर पोचलो, पण डबा कुठाय? जिओकॅश न सापडण्याची कारणं आणि नंतर लिहायचा लॉग

"फोन २ मीटर दाखवतोय, हिंटमधलं झाडही समोर आहे, पण डबा नाही. काय करू?" जिओकॅशिंग म्हणजे एकाने (ओनरने) डबा लपवून त्याच्या जागेचे आकडे, म्हणजे अक्षांश-रेखांश, वेबसाइटवरच्या पानावर द्यायचे, बाकीच्यांनी जीपीएसने तो शोधून आतल्या वहीत (लॉगबुकात) सही करायची आणि काय घडलं याची नोंद, म्हणजे लॉग, पानावर लिहायचा. पाऊस उघडला आणि लोक पुन्हा डोंगरात जायला लागले की हा प्रश्न हमखास येतो. त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो: "जागेचा फोटो टाकून 'फाउंड इट' (सापडला) असा लॉग केला तर चालेल ना?" दुसऱ्याचं उत्तर आधी देऊन टाकतो, कारण ते एका शब्दाचं आहे. नाही. पहिल्याचं उत्तर लांबलचक आहे आणि त्यातला बराचसा घोळ डोंगरावर जायच्या आधी, घरीच झालेला असतो.

जर्मनीत किंवा चेक प्रजासत्ताकात एक डबा नाही मिळाला तर माणूस खांदे उडवून पुढच्याकडे चालायला लागतो. आपल्याकडे डबे विरळ. एका डब्यापायी सकाळची एसटी, दोन तासांची चढण आणि अख्खा रविवार जातो. म्हणून इथे दोन गोष्टींना जास्त किंमत आहे: निघण्यापूर्वीची तपासणी, आणि न सापडल्यावर लिहिलेला खरा लॉग. आधी तपासणी.

तिथे डबा असायला हवा का?

कॅशचं पान उघडलं की सगळ्यात आधी चिन्ह बघा. हिरवा डबा म्हणजे ट्रॅडिशनल, दिलेल्या आकड्यांवरच वस्तू. निळं प्रश्नचिन्ह म्हणजे मिस्ट्री. तिथे नकाशावरचा ठिपका बहुतेक वेळा दिखाऊ असतो. कोडं सोडवल्यावर खरे आकडे मिळतात आणि ते त्या ठिपक्यापासून साधारण ३ किलोमीटरच्या आत कुठेतरी असतात. मल्टी म्हणजे अनेक टप्प्यांची कॅश, तिथे दिलेले आकडे फक्त पहिल्या टप्प्याचे. भुताचं चिन्ह व्हर्च्युअलचं आणि पृथ्वीचा गोळा अर्थकॅशचा. या शेवटच्या दोन्हींत डबाच नसतो: जागेवर जाऊन निरीक्षण करायचं, विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं ओनरला पाठवायची, लॉग करायचा, संपलं. वर्णन न वाचता नुसत्या ठिपक्यामागे जाणारे लोक प्रश्नचिन्हावर तासभर झुडपं उपसतात आणि भुताच्या जागी कठड्याखाली हात घालत बसतात. पाच मिनिटांचं वाचन वाचवायला गेले आणि सकाळ घालवून बसले.

मग शेवटचे चार-पाच लॉग वाचा. नुसते निळे चेहरे (न सापडल्याची खूण) मोजू नका, ते कुणाचे आहेत ते बघा. अवघडपणा (१ ते ५ च्या मापात) १.५ असलेल्या कॅशवर शेकडो डबे सापडलेल्या दोन माणसांनी लागोपाठ डीएनएफ ('डिड नॉट फाइंड', म्हणजे सापडला नाही) लिहिला असेल तर डबा गेला असं धरून चाला. अवघडपणा ४ असेल तर तेच डीएनएफ म्हणजे कॅश ठणठणीत असल्याचं लक्षण असू शकतं. शेवटचा 'फाउंड' मे महिन्यातला आणि आता सप्टेंबर चालू असेल, तर मध्ये चार महिने पाऊस पडलाय, हे विसरू नका. घाटमाथ्यावर एका हंगामात उतार खचतो, ओढा पात्र बदलतो, दगड सरकतात आणि गवत कमरेला लागतं. जूनमधल्या फोटोतली जागा गणपतीनंतर ओळखूच येत नाही.

आकड्यांची गफलत

इथे जरा थांबून बोलतो, कारण न सापडण्याचं हे कारण सर्वांत जास्त आढळतं आणि सर्वांत कमी कबूल केलं जातं.

जिओकॅशिंगमध्ये आकडे अंश आणि दशांश मिनिटं अशा पद्धतीने लिहितात. ३ मे २००० ला अमेरिकेत ऑरेगनमधल्या बीव्हरक्रीकजवळ डेव्ह अल्मर यांनी या खेळातला पहिला डबा म्हणून एक बादली ठेवली, तिचे आकडेही असेच होते: उत्तर ४५° १७.४६०, पश्चिम १२२° २४.८००. गूगल मॅप्स मात्र सहसा दशांश अंश दाखवतं. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या टोपोशीटवर अंश, मिनिटं, सेकंदं असतात. तीन पद्धती, आणि तिन्हींत आकडे दिसायला सख्खे भाऊ.

समजा पुण्यातल्या एखाद्या डब्याचा अक्षांश आहे उत्तर १८° ३१.२००. मिनिटांना ६० ने भागा: ३१.२ भागिले ६० म्हणजे ०.५२. म्हणून दशांश अंशात हा आकडा १८.५२०००. सेकंदांत लिहायचा तर १८° ३१' १२".

आता चुका बघा. पहिली चूक: अंशाचं चिन्ह काढून टाकलं आणि १८.३१२०० असं टाइप केलं. तुम्ही २३ किलोमीटर दक्षिणेला गेलात, कात्रजचा घाट ओलांडून पार पलीकडे. ही चूक लगेच कळते. रिक्षावालाच विचारतो, "साहेब, नक्की कुठं जायचंय?"

दुसरी चूक घातकी आहे. ३१.२०० मधले २०० म्हणजे २०.० सेकंद असं वाचलं आणि १८° ३१' २०" टाकलं. खरे सेकंद १२, तुम्ही टाकले २०. फरक फक्त अडीचशे मीटरचा. म्हणजे तुम्ही त्याच टेकडीवर आहात, त्याच वाटेवर आहात, तसलीच झाडं आहेत, तसलेच दगड आहेत, आणि हिंटमध्ये 'झाडाच्या मुळाशी' असं लिहिलंय. झाडाला मूळ असतंच. तासभर शोधून माणूस खाली उतरतो आणि डबा गायब झाल्याचं सांगत सुटतो. गंमत अशी की दशांशातला भाग .८६७ वगैरे असेल तर ही चूक होत नाही, कारण ८६.७ सेकंद म्हटल्यावर ॲप कुरकुर करतं. ६०० च्या आतला आकडा असला की ते गुपचूप गिळतं.

तिसरी चूक फोनवर आकडे सांगताना होते. मित्र वाटेत आहे, तुम्ही घरून वाचून दाखवताय. पानावर ३१.०२० आहे, तुम्ही म्हणता "एकतीस पॉइंट वीस", तो लिहितो ३१.२०. सव्वातीनशे मीटरहून जास्त फरक पडला. अंक सुटे सांगा: एकतीस, पॉइंट, शून्य, दोन, शून्य. त्यापेक्षा सांगूच नका, कॉपी करून पाठवा, किंवा ॲपमधूनच नकाशा उघडा. हाताने टाइप केलेला आकडा जितका कमी, तितकं बरं.

अंदाजासाठी एक माप लक्षात ठेवा. अक्षांशाच्या एका मिनिटाचा हजारावा भाग, म्हणजे तिसऱ्या दशांशातला १, जमिनीवर साधारण १.८५ मीटर होतो. शेवटचा अंक गाळला तर चूक जास्तीत जास्त १६-१७ मीटर. मधला गाळला तर १६७ मीटरपर्यंत.

हातातलं जुनं जीपीएस यंत्र वापरणाऱ्यांनी एक सेटिंग जरूर तपासावं: मॅप डेटम (आकडे ज्या आधारावर मोजतात तो) डब्ल्यूजीएस ८४ हवं. जुन्या टोपोशीटशी जुळवायला कुणीतरी कधीकाळी 'इंडियन' डेटम लावून ठेवलेलं असतं आणि यंत्र हातोहात फिरताना ते तसंच राहतं. मग प्रत्येक डबा एकाच दिशेला तेवढाच सरकलेला भेटतो, म्हणजे भेटतच नाही.

फोन काय सांगतो आणि काय सांगत नाही

आकडे बरोबर असतील तर आता फोनकडे वळू. ॲपला लोकेशनची परवानगी देताना 'प्रिसाइज' बंद राहिलं असेल तर फोन मुद्दाम ढोबळ जागा देतो आणि निळा ठिपका किलोमीटरभर कुठेही फिरतो. नवा फोन घेतल्यावर किंवा ॲप पुन्हा टाकल्यावर हे फार होतं. बॅटरी सेव्हर चालू असला तरी ठिपका अडखळत चालतो.

दुसरं म्हणजे रेंज. जीपीएसला इंटरनेट लागत नाही हे खरं, पण उपग्रह आकाशात कुठे आहेत याची माहिती फोन नेटवरून पटकन मिळवतो. दरीत उतरल्यावर, रेंज नसताना पहिल्यांदा लोकेशन चालू केलंत तर बराच वेळ ताटकळावं लागतं. गाडीतळावर, रेंज असतानाच ॲप उघडा, पान ऑफलाइन जतन करा, ठिपका स्थिर होऊ द्या आणि मग निघा.

बाण उलटसुलट फिरत असेल तर आधी फोनचं कव्हर काढा. चुंबकाच्या बटणाचं पाकीट असेल तर होकायंत्राची वाट लागते. तुम्ही उभे असता तेव्हा बाणाची दिशा होकायंत्रावरून ठरते, उपग्रहांवरून नाही. कव्हर काढून फोन हवेत इंग्रजी आठाच्या आकारात फिरवला की तो ताळ्यावर येतो.

आता त्या '२ मीटर'कडे. तो आकडा डब्यापर्यंतचा नसतो, ओनरने नोंदवलेल्या बिंदूपर्यंतचा असतो, आणि तुम्ही कुठे उभे आहात याबद्दलच्या फोनच्या समजुतीवर तो ठरतो. मोकळ्या आकाशाखाली चांगला फोन साधारण ५ मीटरच्या आत जागा सांगतो. ओनरच्या फोनचीही तेवढीच चूक धरा. दोन्ही चुका विरुद्ध दिशेला गेल्या तर १० मीटर झाले, आणि यात कुणाचाच दोष नाही. २ मे २००० पूर्वी अमेरिकी सरकार नागरी जीपीएसचा संदेश मुद्दाम बिघडवून देत होतं, तेव्हा शंभर मीटरपर्यंत फरक पडे. तो अडथळा उठला आणि दुसऱ्याच दिवशी अल्मर यांनी बादली ठेवली. म्हणजे हा खेळ जन्मला तोच या अचूकतेवर. पण ती अचूकता मोकळ्या आकाशाची होती. सह्याद्रीत कातळकड्याला पाठ लावून उभं राहिलं की अर्धं आकाश झाकलं जातं, आणि उरलेल्यातले संदेश कड्यावर आपटून फिरून येतात. घळीत, गच्च झाडीत, किंवा शहरात दोन उंच इमारतींच्या बोळात हाच प्रकार. ठिपका २०-२५ मीटर सहज उडतो.

म्हणून शून्यावर जाऊन उभं राहायचा हट्ट सोडा. थोडं मागे या, जिथे डोक्यावर आकाश आहे तिथे मिनिटभर स्वस्थ उभे राहा, फोन स्थिर होऊ द्या आणि बाण कुठे रोखतोय ते बघून त्या रेषेतली एखादी खूण मनात धरा. मग दुसऱ्या बाजूने येऊन तसंच करा. जमलं तर तिसऱ्या बाजूनेही. रेषा जिथे एकमेकींना कापतात त्याच्या आसपास शोधा. ॲप हे अंतर आडवं मोजतं, हेही ध्यानात असू द्या. गडावर माचीच्या कठड्याशी उभे असताना फोन ३ मीटर म्हणेल आणि डबा त्याच कठड्याखालून जाणाऱ्या वाटेवर असेल. अशा वेळी कठड्यावरून वाकू नका. टेरेनचा (वाट किती खडतर त्याचा, १ ते ५) आकडा बघा: २ असेल तर ओनरने तुम्हाला कड्यावरून लटकायला सांगितलेलं नाही, खालून सरळ वाट आहे.

आता फोन खिशात

१० मीटरचा घेर ठरला की फोनचं काम संपलं. पुढचं काम डोळ्यांचं. तुम्ही डबा लपवला असता तर कुठे, हा प्रश्न स्वतःला विचारा. पानावरचा आकार पुन्हा बघा: 'रेग्युलर' असेल तर फटीत मावणार नाही, 'मायक्रो' असेल तर जुन्या फिल्म रोलची डबी किंवा धातूची नळी असेल, आणि मायक्रोतच मोडणारा नॅनो असेल तर करंगळीच्या पेराएवढं काहीतरी चुंबकाने लोखंडाला चिकटलेलं असेल. रानात बघायचं ते बेतशीर रचलेलं काही. पाण्याने वाहून आलेले दगड कसेही पडतात. माणसाने ठेवलेले तीन दगड फटीच्या तोंडाशी नीट बसवलेले असतात. शेवाळाची बाजू खाली आणि कोरडी बाजू वर असलेला दगड कुणीतरी उचललेला असतो.

पण थेट हात घालायचा नाही. कोकणात आणि सह्याद्रीत दगडांच्या राशीत फुरसं असतं, आणि ते मातीच्या रंगाचंच असतं. आधी काठीने ठोका, टॉर्च मारा. दगड उचलायचाच तर पलीकडची कड धरून स्वतःच्या दिशेने कलता करा, म्हणजे खाली जे असेल ते समोरच्या बाजूने निघून जाईल आणि दगड तुमच्या दोघांच्या मध्ये राहील. विंचवालाही हेच लागू. मधमाश्यांचं मोहोळ दिसलं तर शोध तिथेच थांबवायचा, डबा दोन हातांवर असला तरी.

किल्ल्याच्या तटबंदीतला एकही दगड हलवायचा नाही. २०२५ च्या जुलैत मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले. ते नसते गेले तरी हे इतकंच खरं होतं. जिओकॅशिंगचा स्वतःचा नियमही आहे की जागामालकाच्या स्पष्ट परवानगीशिवाय डब्यासाठी जमीन खणायची नाही. म्हणजे खणायची, उकरायची वेळ येतच नाही, आणि खुरपं बरोबर न्यायचंच नाही. याला आपल्याकडे आणखी एक कारण आहे. देवळाच्या किंवा गडाच्या मागे यंत्र हातात धरून दगड चाचपणारी माणसं दिसली की गावात पहिली शंका येते ती गुप्तधनाची. "काय हरवलंय का?" असं कुणी विचारलं तर लपवाछपवी करू नका. फोन दाखवा, खेळ समजावून सांगा, डब्यात वही आणि चिल्लर खेळणी असतात हे सांगा. परदेशात 'मगल'पासून, म्हणजे हा खेळ माहीत नसलेल्यांपासून, लपून राहण्यात मजा असते. इथे लपलात तर पोलीस पाटलांपर्यंत गोष्ट जाते.

अमेरिकेत मुलांकडे राहून आलेल्या मंडळींसाठी एक खास सूचना. तिकडे मॉलच्या पार्किंगमध्ये दिव्याच्या खांबाखालचं धातूचं झाकण उचललं की डबा मिळतो, आणि ती सवय हातात बसते. इकडे विजेच्या खांबाला, डीपीला, फीडर पिलरला हात लावायचा नाही. हिंटमध्ये काहीही लिहिलेलं असो. आणि तिकडून येताना उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र सामानात आणू नका. भारतात ते विनापरवाना बाळगता येत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी प्रवाशाला याच कारणाने पोलिसांना तोंड द्यावं लागलं.

हिंटबद्दल जाता जाता. हिंट पानावर झाकलेली असते ती रॉट-१३ या साध्या युक्तीने: रोमन वर्णमालेतलं प्रत्येक अक्षर तेरा घरं पुढे सरकवायचं. देवनागरीला ही युक्ती लागू होत नाही. मराठीत हिंट लिहिणाऱ्या ओनरांनो, तुमची हिंट उघडीनागडी दिसते. हौसेने मराठीत लिहायची असेल तर रोमन लिपीत लिहा.

नाहीच सापडला

इतकं करूनही मिळाला नाही तर डबा खरोखर गेलेला असू शकतो. आपल्याकडे नेणारे बरेच. माकडं प्लास्टिकच्या डब्याला खाऊ समजतात. गुराख्यांच्या पोरांना तो आयता खजिना. आणि गडांवर साफसफाई करणाऱ्या ग्रुपना कपारीतला प्लास्टिकचा डबा कचराच वाटणार, त्यांचं काय चुकलं? डब्यावर आणि आतल्या चिठ्ठीवर हे काय आहे ते मराठीत लिहिलेलं असेल तर निम्मे डबे वाचतील. बहुतेकांवर फक्त इंग्रजी चिठ्ठी असते.

डबा गेला असं वाटलं की तीन मोह होतात. एक, फोटो टाकून फाउंड करणं. दोन, खिशातली डबी तिथे ठेवून, त्यात सही करून फाउंड करणं. तीन, काहीच न लिहिणं.

पहिला मोह का वाईट ते सांगतो. फाउंडचा अर्थ लॉगबुकात तुमचं नाव आहे एवढाच. नाव नसेल तर ओनर तो लॉग काढून टाकू शकतो, आणि काढावाच. पण विरळ प्रदेशात ओनर काढत नाही, कारण तो नोकरी बदलून बेंगळुरूला किंवा परत आपल्या देशात गेलेला असतो. मग पानावर ताजा हसरा चेहरा दिसतो आणि पुढचा माणूस त्या भरवशावर नाशिकहून गाडी काढतो. पान त्याला खोटं सांगत असतं. एक खोटा फाउंड चार खरे डीएनएफ पुसून टाकतो.

दुसरा मोह साळसूद दिसतो. लोक म्हणतात, "मी तर मदत केली." पण मूळ डबा दोन हातांवर शाबूत असेल तर आता तिथे दोन डबे झाले, आणि ओनरला पत्ताच नाही. ओनरने आधी होकार दिला असेल तरच बदली डबा ठेवा.

तिसरा मोह सर्वांत मोठा आणि सर्वांत समजण्यासारखा. डीएनएफ लिहायची लाज वाटते. 'सापडला नाही' हे प्रोफाइलवर कशाला? पण इथे माहितीचं दुसरं साधन काही नाही. ओनर वर्षातून एकदा फिरकतो, तुम्ही आज तिथे उभे होतात. डीएनएफमध्ये काय लिहावं याचा एक नमुना देतो:

"डीएनएफ. शनिवारी सकाळी गेलो, पाऊस नव्हता, गवत कमरेएवढं. हिंटमधलं झाड मिळालं. बुंधा, मुळं आणि मागची कपार अर्धा तास तपासली. झाडाच्या पश्चिमेचा उतार ताजा खचलेला दिसतोय. फोन अचूकता ४ मीटर दाखवत होता. डिसेंबरात पुन्हा येऊन बघेन."

यात ओनरला जागा बदलल्याची खबर मिळते, पुढच्याला कुठे शोधून झालंय ते कळतं, आणि नेमकी जागा फुटत नाही. मराठीतच लिहा, खाली दोन ओळी इंग्रजी जोडा, कारण ओनर किंवा रिव्ह्यूअर (वेबसाइटतर्फे कॅश तपासणारा) मराठी असेलच असं नाही. दहा मिनिटं बघून पाऊस आला म्हणून परत फिरला असाल तर तेही स्पष्ट लिहा, म्हणजे त्याचं वजन कमी धरलं जाईल. वाटेतूनच परतलात तर डीएनएफऐवजी साधी नोट पुरे.

डीएनएफच्या पुढची पायरी म्हणजे 'ओनर अटेन्शन रिक्वेस्टेड', पूर्वीचं 'नीड्स मेंटेनन्स'. झाकण फुटलंय, वही भिजून लगदा झालीय, लागोपाठ डीएनएफ येताहेत, अशा वेळी ती वापरा. ही तक्रार नाही, ओनरने रागवायचं कारण नाही. महिनेच्या महिने उत्तर आलं नाही, ओनरच्या प्रोफाइलवर शेवटची भेट जुनी दिसत असेल, तर 'रिव्ह्यूअर अटेन्शन रिक्वेस्टेड'. मग रिव्ह्यूअर ओनरला मुदत देतो आणि काहीच हालचाल झाली नाही तर कॅश आर्काइव्ह, म्हणजे कायमची बंद, करतो. आपल्याकडे लोक या शेवटच्या पायरीला फार बिचकतात, "आधीच डबे कमी, त्यात हा पण बंद?" म्हणतात. पण मेलेल्या डब्याचा ठिपका नकाशावर राहिला तर १६१ मीटरच्या आत दुसऱ्याला नवा डबा ठेवता येत नाही. जागा मोकळी होऊ द्या.

डबा सापडला पण वही भिजलेली, हा पावसाळ्यानंतरचा नेहमीचा प्रकार. तेव्हा कोरड्या कागदाची चिठ्ठी झिपच्या पिशवीत घालून आत ठेवा, तिच्यावर सही करा, जुनी वही असेल तशी राहू द्या आणि लॉगमध्ये कळवा. ओल्या कागदावर पेन चालत नाही, पेन्सिल चालते. काहीच नसेल तर उघड्या डब्याचा फोटो ओनरला खाजगीत पाठवून विचारा. मान्य करायचं की नाही ते तो ठरवेल. वहीचा किंवा लपवलेल्या जागेचा फोटो लॉगमध्ये जाहीर टाकू नका. आत ट्रॅव्हल बग (एका डब्यातून दुसऱ्या डब्यात न्यायची नंबरवाली वस्तू) असेल तर तो तुम्ही खरोखर पुढे नेणार असाल तरच उचला. घरच्या ड्रॉवरमध्ये वर्षानुवर्षं अडकलेले बग भरपूर आहेत.

ओनर असाल तर

डीएनएफ वारंवार येत असतील तर आधी स्वतःच्या आकड्यांवर संशय घ्या. एकाच वेळी घेतलेलं रीडिंग पुरत नाही. वेगवेगळ्या दिवशी, शक्यतो वेगवेगळ्या फोनवर घ्या आणि सरासरी काढा. कड्याखालची जागा असेल तर वर्णनात तसं लिहा आणि हिंट जास्त स्पष्ट द्या. झाकणाला रबरी गॅस्केट असलेला डबा घ्या, तो तळाशी पाणी साचणाऱ्या खळग्यात ठेवू नका, आणि तोंड उताराच्या बाजूला करा. पातळ पिशवी एका पावसात फाटते. घाटमाथ्यावरचा डबा असेल तर जूनच्या सुरुवातीला कॅश तात्पुरती बंद करून डबा घरी आणणं सगळ्यात सोपं. पानावर 'पावसाळ्यात बंद' अशी नोट टाका आणि दसऱ्याच्या सुमाराला परत ठेवा.

गाव सोडून जात असाल तर कॅश इथल्या कुणाला तरी ॲडॉप्शनने द्या. ते तुमच्या संमतीनेच होतं, त्यामुळे जाण्याआधी करा. नंतर कुणी कितीही विनवण्या केल्या तरी तुमच्या खात्यातून कॅश हलत नाही.

डबा पुन्हा ठेवताना दोन झाडं पलीकडे सरकवलात तर जुने आकडे तसेच ठेवू नका. 'अपडेट कोऑर्डिनेट्स' हा लॉग टाका. १६१ मीटरच्या आतला बदल तुम्हीच करू शकता, त्याहून जास्त असेल तर रिव्ह्यूअरला लिहावं लागतं. मग ज्यांनी डीएनएफ लिहिले होते त्यांना निरोप पाठवा. त्यातलं कुणीतरी पुढच्याच रविवारी येऊन आकडे तपासून देतं.